चोपण वावराची दोन वर्षं : मातीच्या नमुन्यापासून निचऱ्याच्या चरापर्यंत

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ज्यांची रानं आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांत एक तरी वावर असं असतं, ज्याचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. बी उगवतं, वीतभर वाढतं आणि पिवळं पडून बसतं. पाऊस झाला की गढूळ पाणी दिवसेंदिवस उभं राहतं, ऊन पडलं की वरची कातळी कुदळीलाही दाद देत नाही. सोडियम साठून अशी घट्ट झालेली जमीन म्हणजे चोपण. परभणी जिल्ह्यात, मानवत तालुक्यात आमचं दोन एकरांचं खालचं वावर असंच आहे. एप्रिल २०२३ ते मे २०२५ या काळात आम्ही त्याची तपासणी केली, निचरा काढला, जिप्सम टाकलं, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडला. लागणारी माहिती मला तुकड्यातुकड्यांत मिळाली आणि त्यासाठी बरेच हेलपाटे झाले. तुमचे थोडे तरी वाचावेत म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

आमची जमीन तीन तुकड्यांत आहे. माळावरचं दीड एकर बरड आहे, वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. गावाजवळचं तीन एकर मध्यम ते भारी काळं रान, कापूस-सोयाबीनला चांगलं. आणि कालव्याच्या चारीखालचं हे दोन एकर, माती सगळ्यात खोल, उत्पन्न सगळ्यात कमी. तिन्ही तुकड्यांना आजवर एकच खत आणि एकच मात्रा जायची. माझं माहेर देगलूरकडचं. तिकडे नांदेडच्या पूर्वेला काळ्या बेसाल्टऐवजी ग्रॅनाइटसारखा खडक लागतो, माती तांबूस आणि भरड असते, पाऊस पडून दोन तासांनी रानातून चालता येतं. इथे लग्न होऊन आले तेव्हा पावसाळ्यात वावरात पाय घातला की काढता यायचा नाही. जमीन बदलली की सगळं बदलतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. म्हणून खालच्या वावरात हरभरा पुन्हा पुन्हा जळायला लागला, तेव्हा मी मामांना (सासऱ्यांना) म्हटलं, यंदा खत वाढवायचं नाही, आधी माती तपासायची.

मामा म्हणाले, "तपासून काय निघणार? कालवा यायच्या आधी याच वावरात पुरुषभर ज्वारी व्हायची. पाटाच्या पाण्यानं ते मेलं."

त्यांचं निदान बरंचसं बरोबर होतं, हे पुढे अहवालातून दिसलं. पण मेलं हा शब्द मला मान्य नव्हता.

घरात मृदा आरोग्य पत्रिका होती. केंद्राची ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात : सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी याचं माप), क्षारता (विद्युत वाहकता), सेंद्रिय कर्ब, मग नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. पत्रिका उपयोगाचीच आहे, पण दोन गोष्टी समजून घ्या. तिचे नमुने ठरावीक क्षेत्रामागे एक असे घेतले जात, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे तुमच्या नावावरच्या पत्रिकेतले आकडे शेजारच्या रानातल्या मातीचेही असू शकतात. दुसरं म्हणजे या बारांत सोडियम नाही. जमीन चोपण आहे की नाही, असली तर किती, हे सोडियम मोजल्याशिवाय नक्की कळत नाही.

नमुना आम्ही ९ एप्रिल २०२३ ला घेतला. रब्बी निघालेली, रान कोरडं, खत टाकून तीन महिने उलटलेले, हीच योग्य वेळ. नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडायची. बांध, झाड, उकिरडा, विहीर, गुरं बांधायची जागा यांच्याजवळची माती घ्यायची नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी काठी किंवा प्लास्टिकचं घमेलं बरं, कारण लोखंडाचे कण मातीत मिसळतात. सगळी माती कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं पुन्हा मिसळायचं, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या पोत्यात चुकूनही भरू नका. वावराचा जो भाग डोळ्यांना वेगळा दिसतो त्याचा नमुना वेगळा घ्या. आम्ही खालच्या वावराचे दोन केले, एक वरच्या अंगाचा, एक ओढ्याकडच्या कोपऱ्याचा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, गाव, मागचं पीक, पुढचं पीक आणि पाण्याचा स्रोत लिहायचा.

प्रयोगशाळेत जायच्या आधी घरी दोन गोष्टी करून पाहिल्या, त्या कुणालाही जमतील. तिन्ही वावरांची माती तीन सारख्या बाटल्यांत तिसऱ्या हिश्शापर्यंत भरून वर पाणी घातलं, खूप हलवलं आणि ठेवून दिलं. माळावरच्या मातीतली वाळू आणि भरड कण मिनिटभरात तळाला गेले आणि संध्याकाळपर्यंत पाणी बरंच निवळलं. गावाजवळच्या रानाच्या बाटलीला दोन दिवस लागले. खालच्या वावराची बाटली आठवडा झाला तरी चहासारखी गढूळच होती. दुसरी परीक्षा ढेकळाची. बोराएवढं कोरडं ढेकूळ बशीतल्या पाण्यात अलगद ठेवायचं आणि हलवायचं नाही. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसतो. पावसाचं धरलेलं पाणी किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. चांगल्या काळ्या रानाचं ढेकूळ फुगून सुटं झालं, पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं. खालच्या वावराच्या ढेकळाभोवती तासाभरात दुधाळ ढग पसरला. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, हे असं डोळ्यांसमोर दिसलं. मामा बराच वेळ त्या बशीकडे बघत बसले.

शेजारी जेसीबी आला होता, त्याच्याकडून वावरात चार फुटांचा एक खड्डा घेतला. वरची वीतभर माती घट्ट, तिच्याखाली ओलसर, गच्च थर. ढेकूळ फोडलं की तिरप्या, चकचकीत, घासून गुळगुळीत झाल्यासारख्या बाजू दिसत. भारी काळी जमीन भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. त्या रेट्याने थर एकमेकांवर घासले जाऊन या बाजू तयार होतात. अडीच फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे सुरू झाले. मुळ्या मात्र सगळ्या वरच्या वीतभरातच अडकलेल्या. तो खड्डा पाहून मला जितकं वाईट वाटलं तितकं जळालेल्या हरभऱ्याकडे पाहूनही वाटलं नव्हतं.

नमुने घेऊन गेले त्या पहिल्या ठिकाणी नेहमीची तपासणी होत होती, विनिमयक्षम सोडियमची होत नव्हती. दुसरीकडे ती होती. खिडकीवर अर्ज भरताना "माती परीक्षण" एवढंच लिहिलंत तर नेहमीचेच आकडे येतात. तीन गोष्टी नावाने मागा : विनिमयक्षम सोडियमचं प्रमाण (ईएसपी), मुक्त चुना आणि जिप्समची गरज. आमच्या दोन नमुन्यांचे ७०० रुपये झाले. पावतीवरचा नमुना क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा, चौकशीला तोच लागतो. १० एप्रिलला दिलेल्या नमुन्यांचा अहवाल १६ मे रोजी हातात आला. मधल्या काळात तपासणी झाली होती, पण कागद सहीसाठी थांबला होता. दर चौकशीला "पुढच्या आठवड्यात" ऐकताना जीव टांगणीला लागायचा, कारण समोर पावसाळा होता आणि जे काय करायचं ते त्याआधीच.

वरच्या अंगाच्या नमुन्यात सामू ८.९, विद्युत वाहकता ०.६२, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, ईएसपी २२. ओढ्याकडचा कोपरा याहून वाईट. पालाश भरपूर, जस्त आणि लोह कमी. जिप्समची गरज एकरी पाच टन.

हे आकडे कसे वाचायचे ते मला विद्यापीठात कळलं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस १८ मे. त्या दिवशी परभणीला खरीप मेळावा भरतो. अहवाल हातात येऊन दोनच दिवस झाले होते. बियाण्याच्या रांगेत न थांबता मी मृदविज्ञानाच्या दालनात गेले. तिथल्या प्राध्यापकांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाणी जातं कुठं?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, वर पांढरी भुकटी दिसते, वाहकता वाढलेली असते, पण सामू सहसा ८.५ च्या खाली राहतो. तिला बहुतेकदा चांगल्या पाण्याने धुणं आणि निचरा एवढंच लागतं. चोपण जमिनीत वाहकता कमी असूनही सामू ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर असतो. चिकण मातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसलेला असतो, त्याने कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि ना पाणी खाली जातं, ना हवा. पुस्तकात १५ ची रेषा असली तरी आपल्या भारी काळ्या जमिनीत सोडियमचा त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात विरघळतो. ते पाणी वावराबाहेर गेलं तर सोडियम गेला. पाण्याला वाटच नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचे पैसे वाया जातात. कालव्याच्या पट्ट्यात चारीचा पाझर, सखल जागा आणि बुजलेले ओढे यांमुळे जमिनीतलं पाणी वर येतं, उन्हाने उडतं आणि क्षार मागे ठेवतं. आमच्या वावरात नेमकं हेच झालं होतं.

तिथून निघताना माझ्या डोक्यात क्रम पक्का झाला. आधी पाण्याला वाट, मग जिप्सम, मग सेंद्रिय खत. गावात जो तो उलटा क्रम सांगत होता. एका दुकानात तर चुना टाकायला सांगितलं. चुना आम्लधर्मी जमिनीसाठी असतो, कोकणातल्या जास्त पावसाच्या भागात तशा जमिनी आहेत. आमच्या मातीत चुनखडी आधीच भरपूर, तिथे चुना टाकून काहीच साधलं नसतं.

प्राध्यापकांनी पाणीही तपासायला सांगितलं, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. विहिरीचं आणि बोअरचं पाणी स्वच्छ बाटल्यांत दिलं, ३०० रुपये लागले. बोअर अर्धा तास चालवून मग बाटली भरायची, तीही काठोकाठ. विहिरीचं पाणी ठीक निघालं. बोअरच्या पाण्यात शिल्लक सोडियम कार्बोनेट (आरएससी) लिटरला ३.१ मिलिइक्विव्हॅलंट. अडीचच्या वरचं पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. म्हणजे कालव्याची पाळी चुकली की ज्या बोअरने आम्ही ते वावर जगवत होतो, तेच त्यात सोडियमची भर घालत होतं. त्या दिवसापासून खालच्या वावराची बोअरची लाइन बंद केली.

आता वाट काढायची होती. वावराच्या खालच्या अंगाला पूर्वी एक नाली होती, ती ओढ्याला मिळायची. शेजारच्या काकांनी जानेवारीत रान सपाट करताना ती बुजवली होती. गावात बसून दोन वेळा बोलणं झालं, पण पुढे काही हललं नाही. तेव्हा २४ एप्रिललाच, अहवालाची वाट न बघता, तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज केला होता. शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कुणी अडथळा केला आणि त्याने नुकसान होत असेल, तर तो दूर करायचा आदेश तहसीलदार या कायद्याने देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, ही मुदत लक्षात ठेवा. सोबत सातबारा, गट नकाशा, पाणी साचल्याचे फोटो आणि कोर्ट फी स्टँप. नकाशाची प्रत काढायलाच वेळ लागतो, तिचा अर्ज सगळ्यात आधी टाका. नोटीस निघाली आणि २९ मे रोजी मंडळ अधिकारी स्थळपाहणीला आले. मला रात्रभर झोप नव्हती. ज्यांच्या घरी हळदी-कुंकवाला जाते, त्यांच्या विरोधात कागद घेऊन बांधावर उभं राहायचं होतं.

काका म्हणाले, "सूनबाई, तहसीलला जायच्या आधी घरी यायचं होतं."

"आले होते काका. तुम्ही मोंढ्यात गेला होतात."

"पाणी माझ्या वावरात तर नाही सोडायचं?"

"नाही. तुमच्या बांधाच्या कडेनं चर काढून थेट ओढ्याला. तुमच्या गाडीवाटेवर सिमेंटच्या नळ्या आम्ही टाकून देऊ."

ते थोडा वेळ थांबले आणि बरं म्हणाले. तिथेच पंचनाम्यात समझोता लिहिला गेला, दोघांच्या सह्या झाल्या. त्याची नक्कल जपून ठेवा, पुढच्या पिढीला लागते.

६ जूनला जेसीबी लावला. साडेतीन फूट खोल चर, वरून रुंद आणि तळाला अरुंद, बाजू तिरप्या. भारी जमिनीत सरळ उभ्या बाजू पहिल्या पावसात ढासळतात. काम खालच्या टोकाकडून, म्हणजे ओढ्याकडून वर सुरू करा, म्हणजे उतार बरोबर येतो. तासाला १,२०० प्रमाणे १०,८०० रुपये झाले, नळ्यांचे ६,४००. चर पूर्ण झाला त्या संध्याकाळी, पावसाचा थेंब नसताना, त्याच्या तळाला पाझराचं पाणी जमायला लागलं. मामा काठाशी उकिडवे बसले होते. "एवढं पाणी आत होतं?" एवढंच म्हणाले.

त्या वर्षी मॉन्सून उशिरा आला, मराठवाड्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. गावाला त्याची चिंता होती, मलाही होती, पण त्याच उशिराने आम्हाला जिप्सम टाकायला वेळ मिळाला. पूर्ण गरज एकदम भागवायची नसते. निम्मी मात्रा द्यायची, परिणाम बघायचा, मग पुढचं ठरवायचं, असा सल्ला होता. म्हणजे एकरी अडीच टन, दोन एकरांना ५० किलोच्या १०० पिशव्या. पिशवी २४० ला पडली, एकूण २४,००० आणि वाहतूक २,८००. पिशवीवर शुद्धतेचा टक्का छापलेला असतो तो बघा आणि पूड बारीक आहे का ते चिमटीत घेऊन बघा. खडे असतील तर ते विरघळायला फार वेळ घेतात. वखराची पाळी मारून ठेवली होती. गावातल्या बायांच्या मदतीने हाताने सारखं फोकून घेतलं, मजुरी २,४०० रुपये. नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधा, वारा असेल तर काम सकाळी उरका. मग हलकी पाळी देऊन वरच्या चार-पाच इंचांतच मिसळलं. खोल नांगरटीने ते खाली गाडलं जातं. त्यानंतर वावराचे लहान वाफे पाडून बांध घातले, पावसाचं पाणी उभं राहून खाली मुरावं आणि चरात झिरपावं म्हणून.

घरात खरा वाद पुढे झाला. खरीप सोडून धैंचा पेरायचा, म्हणजे दोन एकरांचं सोयाबीन जाणार. ह्यांचं म्हणणं होतं, निम्म्यात तरी सोयाबीन घेऊ. आत्याबाई (सासूबाई) म्हणाल्या, "दरसाल तिथं बी-खताचे पैसे तरी कुठं निघतात? एक साल रान खाऊ दे." शेवटी त्यांच्या शब्दावर ठरलं. हिरवळीच्या खताला ताग आपल्याकडे जास्त ओळखीचा, पण चोपण आणि पाणी साचणाऱ्या जमिनीत धैंचा जास्त तग धरतो. एकरी २० किलो बी, किलोला ९० रुपये, एकूण ३,६००. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरला.

आणि मग ऑगस्ट कोरडा गेला. २०२३ चा तो ऑगस्ट मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. धैंचा फुलोऱ्याआधी, ४५ ते ५० दिवसांत कोवळा असताना गाडायचा असतो, पण तो कुजायला जमिनीत ओल हवी. ओल नव्हती. गाडला तर तसाच वाळून जाणार, ठेवला तर खोड लाकूड होणार. रोज सकाळी वावरात जाऊन खोड वाकवून बघायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाऊस झाला तेव्हा रोटाव्हेटरने बारीक करून गाडला. खोडं जरा निबर झाली होती, म्हणून रब्बीची पेरणी लांबवून त्यांना कुजायला वेळ दिला. पाऊस कमी झाल्याने सोडियम धुऊन जाण्याचं कामही त्या वर्षी अर्धवटच राहिलं. जिप्समला पाणी लागतं, ते मिळालं नाही, यात कुणाचाच इलाज नव्हता.

रब्बीत हरभरा घेतला नाही. हरभरा, तूर, मूग ही पिकं चोपणात लवकर मान टाकतात. कापूस, गहू, करडई त्यामानाने सोसतात. आम्ही करडई घेतली. नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) भरलेला नव्हता, पाटाच्या पाण्याची खात्री नव्हती, आणि करडईला पाणी कमी लागतं. पीक बेताचंच आलं, पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. पिवळे पट्टे कमी झाले होते आणि उपटलेल्या झाडाची सोटमुळी वीतभराच्या खाली गेली होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडे पडले आणि माळावरच्या तुकड्याला गाळ घालायची संधी आली. राज्याच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अल्पभूधारकांना गाळ पसरवायला घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान आहे, एकरी ४०० घनमीटरपर्यंत. ४०० घनमीटर म्हणजे एका एकरावर साधारण दहा सेंटिमीटरचा थर. ब्रासच्या हिशोबात हे १४० च्या वर जातं, ट्रॅक्टरच्या तितक्याच ट्रॉल्या. आकडा ऐकून छाती दडपते, म्हणून आम्ही अर्ध्याच एकरावर दोन इंचांचा थर दिला, १४,००० रुपयांत. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीसाठीच. मुरमात पाणी थांबत नाही, तिला चिकण माती हवी असते. भारी रानावर गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो. खालच्या वावरातही चार ट्रॉल्या टाकायचा आग्रह ट्रॅक्टरवाल्याने केला, मी नाही म्हटलं. आणि गाळाचाही सामू तपासून घ्या, तोही विम्लधर्मी असू शकतो.

जून २०२४ मध्ये खालच्या वावरात सोयाबीन पेरलं, रुंद वरंबा सरी पद्धतीने, बीबीएफ यंत्रावर. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट दिलं, कारण त्यात कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असतात. सोबत शेणखत आणि झिंक सल्फेट. पीक शेंगांत असताना १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेल. परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडे रानं पाण्याखाली. तिसऱ्या दिवशी वावराकडे जाताना माझे पाय जड झाले होते. सऱ्यांत पाणी होतं, पण ते चालत होतं. चर तुडुंब वाहत होता आणि काकांच्या वावरातलं पाणीही त्यातच येत होतं. ते छत्री घेऊन नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढत होते. चौथ्या दिवशी वरंबे उघडे पडले. ओढ्याकडचा कोपरा गेला, बाकीचं सोयाबीन वाचलं. एकरी साडेपाच क्विंटल झालं. चांगल्या रानाच्या मानाने हे कमीच आहे, पण या वावरात पूर्वी तीनच्या वर जात नव्हतं.

दुसरी तपासणी मे २०२५ मध्ये केली, त्याच जागांवरून आणि त्याच प्रयोगशाळेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. सामू ८.९ वरून ८.५, ईएसपी २२ वरून १५, सेंद्रिय कर्ब ०.३६ वरून ०.४३. दोन वर्षांत एवढंच. कर्ब फार हळू वाढतो; आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातो, म्हणून सोयाबीनची गुळी आणि पऱ्हाट्या पेटवणं आम्ही पूर्ण थांबवलं आहे. पऱ्हाट्यांचा भुगा करून रानातच टाकतो.

खर्चाचं विचारणारे बरेच आहेत. खालच्या वावरापुरता चर, नळ्या, जिप्सम, वाहतूक, मजुरी, धैंच्याचं बी आणि माती-पाण्याच्या पहिल्या तपासण्या धरून ५१,००० रुपये झाले. रोटाव्हेटर घरचा होता. यातले २०,००० बचत गटातून घेतले, बाकी तूर विकून. एकदम जमत नसेल तर चर आधी काढा. नुसत्या चरानेही वाफसा लवकर येतो, आणि जिप्सम पुढच्या वर्षी टाकता येतं.

जिप्समची उरलेली मात्रा नव्या अहवालाप्रमाणे टाकायची आहे, तिची किंमत आता पिशवीला २६० सांगतात. चरात हरळी आणि बेशरम वाढले आहेत, ते पावसाआधी काढावे लागतील. हे काम दरसालचं आहे आणि यंदापासून निम्मी मजुरी काका देणार आहेत. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, साधारण दहा गुंठ्यांत, अजून काही येत नाही. तिथे पॅरा गवत लावून म्हशींना चारा करायचा विचार आहे. ते पाणथळ जागेत तग धरतं. ठोंब आणायचे आहेत. परभणी-मानवत भागात कुणाकडे असतील तर कळवा.